मुदतपूर्व बाळाला मेंदूज्वर: सोनोग्राफी नॉर्मल आली, मग एमआरआय कशाला?

प्रश्न थोडक्यात असा आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातली बहीण सातव्या महिन्यातच बाळंत झाली. बाळ १३०० ग्रॅमचं, जिल्ह्याच्या एसएनसीयूत, म्हणजे आजारी नवजात बाळांच्या खास विभागात, पेटीत ठेवलेलं. बाराव्या दिवशी दूध पचेनासं झालं, मधूनच श्वास थांबू लागला. रक्ताच्या कल्चरमध्ये, म्हणजे जंतू वाढवून बघायच्या तपासणीत, क्लेब्सिएला नावाचा जंतू निघाला; पाठीतल्या पाण्यात, म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जूभोवतीच्या पाण्यात, पेशी वाढलेल्या. टाळूवरून डोक्याची सोनोग्राफी केली, तिचा रिपोर्ट नॉर्मल. आता डॉक्टर म्हणतात की आठवड्याने परत सोनोग्राफी करू आणि बाळ सावरलं की एमआरआयला पाठवू. आजीचं म्हणणं, नॉर्मल आहे तर एवढ्याशा जिवाला मशीनमध्ये घालायचंच कशाला. बाळाच्या वडलांचं म्हणणं, करायचाच आहे तर आजच नागपूरला का नेऊ नये. मामा विचारतोय, कोणाचं ऐकू?

मी विदर्भातच नवजात शिशू विभागात काम करते आणि अशा बाळांच्या टाळूवर सोनोग्राफीचा प्रोब ठेवणं हे माझं रोजचं काम आहे. तुमचं बाळ मी पाहिलेलं नाही, त्यामुळे शेवटचा शब्द तिथल्या डॉक्टरांचाच. पण त्यांनी जो क्रम सांगितलाय तो मला बरोबर वाटतो. का वाटतो ते नीट सांगते, म्हणजे घरी बोलताना तुम्हाला आधार राहील.

तुमच्या एका प्रश्नात दोन प्रश्न मिसळले आहेत. बाळाला मेंदूज्वर आहे का, हा पहिला. मेंदूज्वराने मेंदूत काय केलंय आणि पुढे काय करू शकेल, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर पाठीतल्या पाण्यात मिळतं. ते तुम्हाला मिळालेलं आहे. सोनोग्राफी, सीटी, एमआरआय हे सगळं दुसऱ्या प्रश्नासाठी. म्हणून 'सोनोग्राफी नॉर्मल म्हणजे मेंदूज्वर नाही' असा अर्थ काढून कोणी इंजेक्शनं लवकर बंद करायला सांगत असेल, तर ते मुळीच ऐकू नका. मेंदूज्वर असलेल्या कितीतरी बाळांची पहिली सोनोग्राफी अगदी स्वच्छ असते.

पाठीतलं पाणी काढण्याबद्दल दोन शब्द, कारण ते परत काढावं लागण्याची शक्यता आहे. आपल्याकडे वॉर्डाबाहेर हमखास ऐकू येतं, ''पाठीतलं पानी काढलं का लेकरू अधू होते.'' ही भीती मी समजू शकते. पण सुई कमरेच्या खालच्या भागात घालतात, मज्जारज्जू जिथे संपतो त्याच्याही खाली, आणि काढतात ते पाणी काही थेंबच असतं. शरीर ते पुन्हा तयार करतं. लेकरू अधू होतं ते मेंदूज्वराने. क्लेब्सिएला, ई-कोलाय यांसारख्या जंतूंमध्ये औषध सुरू केल्यावर साधारण दोन दिवसांनी पाणी पुन्हा तपासतात, कारण औषध लागू पडतंय की नाही हे तिथेच कळतं. त्या वेळी डॉक्टरांनी सही मागितली तर अडून बसू नका.

आता मुदतपूर्व बाळालाच हे का होतं आणि त्याच्या मेंदूला एवढा धोका का, ते बघू. आईच्या रक्तातली प्रतिकारद्रव्यं बाळाकडे मुख्यतः शेवटच्या तीन महिन्यांत जातात. सातव्या महिन्यात जन्मलेल्या बाळाला ती पुरेशी मिळालेलीच नसतात. कातडी पातळ, नसेत सलाईनची नळी, पोटात दुधाची नळी, कधी श्वासाची नळी. जंतूंना आत शिरायला वाटा भरपूर. भारतातल्या नवजात विभागांत क्लेब्सिएला, असिनेटोबॅक्टर आणि ई-कोलाय हे जंतू सर्रास सापडतात, आणि त्यातले अनेक नेहमीच्या प्रतिजैविकांना दाद देत नाहीत. दुसरीकडे, या वयात मेंदूतल्या पोकळ्यांभोवतीचा पांढरा भाग, म्हणजे मेंदूकडून हातापायांकडे जाणाऱ्या तारांचा पट्टा, अजून घडत असतो. तिथल्या पेशी सूज, कमी झालेला रक्तदाब, कमी पडलेला ऑक्सिजन यांपैकी काहीच सहन करू शकत नाहीत. त्यामुळे जंतू प्रत्यक्ष मेंदूत न पोहोचताही, नुसत्या रक्तातल्या संसर्गाने या भागाला इजा होऊ शकते.

सोनोग्राफीत मी काय बघते, ते जरा जवळून सांगते. टाळू म्हणजे कवटीची अजून न भरलेली खिडकी. जेल आधी कोमट करून घ्यायची, नाहीतर एवढं लहान बाळ गार पडतं. प्रोब टेकवायचा, दाबायचा नाही. पडद्यावर मेंदू राखाडी दिसतो आणि मधल्या पोकळ्या, ज्यांत पाणी असतं, त्या काळ्याभोर. निरोगी पोकळीची कड बारीक, रेखीव असते. संसर्ग पोकळीत उतरला की ही कड जाड आणि पांढुरकी होते, काळ्या पाण्यात गढूळ कण तरंगताना दिसतात, खाली गाळ बसतो. पुढे जाळ्यासारखे पडदे धरतात. पोकळीतून पाणी बाहेर पडायची वाट अरुंद असते. ती पुवाने बुजली की पाणी तुंबतं, पोकळ्या फुगतात आणि डोकं वाढू लागतं. हे सगळं बाळाला पेटीतून न हलवता, भूल न देता, किरणोत्सर्ग न होता बघता येतं. म्हणून पहिली आणि वारंवार करायची तपासणी हीच.

पण हे बदल दिसायला वेळ लागतो. पेरल्याच्या दुसऱ्या दिवशी धुऱ्यावरून पाहिलं तर वावर रिकामंच दिसणार, तसंच हे आहे. पोकळ्यांमधली सूज आणि गाळ काही दिवसांनी दिसतो. पाणी तुंबणं बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात लक्षात येतं. पांढऱ्या भागातल्या पेशी मेल्या असतील तर तिथे छोट्या पाण्याच्या पिशव्या व्हायला दोन ते चार आठवडे जातात. तुमच्या बाळाची सोनोग्राफी संसर्ग उघड झाला त्याच सुमारास झालेली दिसते. ती नॉर्मल आली हे चांगलंच, कारण आधीपासून मोठा रक्तस्राव नव्हता हे कळलं आणि पुढच्या तुलनेला पाया मिळाला. पुढचं काही ती सांगत नाही. म्हणून आठवड्याने परत, आणि उपचार संपेपर्यंत ठरावीक अंतराने.

सोनोग्राफीच्या मर्यादाही आहेत. कवटीला लागून असलेला मेंदूचा वरचा पृष्ठभाग टाळूच्या खिडकीतून नीट दिसत नाही. मागचा लहान मेंदू पाहायला कानामागच्या खिडकीतून प्रोब लावावा लागतो आणि सगळेच तो लावत नाहीत. सुरुवातीचा लहानसा गळूही निसटू शकतो. आणि करणाऱ्याचा हात बसलेला आहे की नाही, यावर खूप काही अवलंबून असतं.

इथे ग्रामीण भागातली एक अडचण सांगायला हवी, कारण नातेवाईकांना तो हलगर्जीपणा वाटतो. ''मशीन खाली आहे, तर वर आणत का नाहीत?'' गर्भलिंगनिदानाविरुद्धच्या पीसीपीएनडीटी कायद्याखाली प्रत्येक सोनोग्राफी मशीनची नोंदणी लागते, ते कुठे वापरायचं आणि कोणी वापरायचं हेही त्या नोंदणीला बांधलेलं असतं. कायदा गरजेचा आहे, मुलींसाठी तो हवाच. पण त्यामुळे नवजात विभागासाठी वेगळं मशीन घ्यायचं तर कागदपत्रांचं काम मोठं होतं, आणि जिथे ते झालेलं नाही तिथे बाळाला रेडिओलॉजीत न्यावं लागतं किंवा रेडिओलॉजिस्टच्या वेळेची वाट बघावी लागते. तुमच्याकडे तसं असेल तर डॉक्टरांना विचारा की पुढची सोनोग्राफी कोणत्या दिवशी ठरली आहे, आणि तो दिवस लक्षात ठेवा.

दोन सोनोग्राफींच्या मध्ये सगळ्यात भरवशाची वस्तू म्हणजे साधी मोजपट्टी. डोक्याचा घेर भुवयांच्या वरून आणि मागच्या सगळ्यात फुगीर भागावरून घ्यायचा, तीनदा मोजून सगळ्यात मोठा आकडा लिहायचा. सावरत असलेल्या मुदतपूर्व बाळाचं डोकं आठवड्याला साधारण अर्धा ते एक सेंटीमीटर वाढतं. आठवड्यात दोन सेंटीमीटरच्या आसपास वाढलं, टाळू बाळ शांत असतानाही ताणलेली लागली, किंवा कवटीच्या शिवणी बोटाला मोकळ्या जाणवल्या, तर ठरलेल्या दिवसाची वाट न बघता त्याच दिवशी सोनोग्राफी व्हायला हवी. आई दूध द्यायला किंवा कांगारू पद्धतीने बाळ छातीशी धरायला आत जाते, तेव्हा तिने नर्सताईंना 'आज घेर किती?' एवढं विचारावं. त्यात कोणी वाईट वाटून घेत नाही.

सीटी स्कॅनबद्दल थोडक्यात. तो काही तालुक्यांच्या गावीही मिळतो, काही सेकंदांत होतो, म्हणून लोक पहिल्यांदा त्याचंच नाव काढतात. पण त्यात किरणोत्सर्ग आहे, आणि एवढ्या लहान बाळाच्या मेंदूत पाण्याचं प्रमाण इतकं जास्त असतं की सीटीत बारीक इजा ओळखू येत नाही. बाळ अचानक खालावलं, शस्त्रक्रियेचा निर्णय तासाभरात घ्यायचाय आणि एमआरआय शक्य नाही, अशा वेळी मी सीटी जरूर करून घेईन. एरवी नाही.

आणि एमआरआय. त्यात किरणोत्सर्ग अजिबात नसतो, हे आजींना आधी सांगा. पू, गळू, नव्याने मेलेला भाग, शिरेत गोठलेलं रक्त, लहान मेंदूतली इजा, हे सगळं एमआरआयमध्ये जितकं स्पष्ट दिसतं तितकं दुसऱ्या कशात दिसत नाही. पुवासाठी एमआरआयमध्ये डिफ्युजन नावाची एक पद्धत असते. घट्ट पुवात पाण्याचे कण मोकळे हलू शकत नाहीत, त्यामुळे तो भाग त्या चित्रात ठळक चमकतो. यासाठी रंगद्रव्याचं इंजेक्शनही लागत नाही. गळूची कड किंवा मेंदूवरच्या आवरणाची सूज बघायची असेल तर मात्र ते द्यावं लागू शकतं.

एवढं सगळं असताना माझं मत 'आजच न्या' असं का नाही? फोटोमुळे उपचारात काय बदलेल, हा प्रश्न मी प्रत्येक वेळी विचारते. आज बाळाला जी इंजेक्शनं चालू आहेत, ती एमआरआय चांगला आला तरी तीच राहणार. अशा जंतूंच्या मेंदूज्वरात पाणी स्वच्छ झाल्यापासून किमान तीन आठवडे औषध द्यावं लागतं. पोकळीत पू किंवा मेंदूत गळू असेल तर सहा ते आठ आठवडे. म्हणजे उपचाराची मुदत ठरवण्यासाठी एमआरआयची खरी गरज दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात, औषध थांबवण्याच्या आधी असते. तोपर्यंत बाळाचा श्वासही स्थिर होतो. आत्ता ज्याचा श्वास मधूनच थांबतोय अशा १३०० ग्रॅमच्या बाळाला फक्त चित्रासाठी तीन तासांच्या रस्त्यावर घालायला माझा जीव धजत नाही.

काही गोष्टी घडल्या तर मात्र हे गणित उलटतं आणि एमआरआय लगेच लागतो. औषध चालू असूनही झटके थांबत नाहीत, विशेषतः शरीराच्या एकाच बाजूला येतात. दुसऱ्यांदा काढलेल्या पाण्यातही जंतू वाढतात. डोक्याचा घेर झपाट्याने वाढतो. सोनोग्राफीत संशयास्पद काही दिसतं. किंवा कल्चरमध्ये सिट्रोबॅक्टर, सेराशिया, क्रोनोबॅक्टर यांच्यापैकी एखादा जंतू येतो, कारण हे मेंदूत गळू करण्यासाठी कुप्रसिद्ध आहेत. क्लेब्सिएलाही त्या बाबतीत अगदी निरुपद्रवी नाही, म्हणून तुमच्या डॉक्टरांनी एमआरआयचा विषय आधीच काढून ठेवला असावा. अशा वेळी बाळाला मी नुसतं स्कॅनला पाठवत नाही, तर जिथे एमआरआय, नवजात विभाग आणि मेंदूचे सर्जन एकाच आवारात आहेत तिथे हलवते. तुमच्या भागातून सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय, सावंगी मेघेचं मेडिकल कॉलेज आणि नागपूरचं एम्स ही नावं डोळ्यासमोर येतात. पाणी तुंबलं असेल तर टाळूतून पाणी काढणं, त्वचेखाली छोटी टाकी बसवणं, पुढे संसर्ग पूर्ण गेल्यावर शंट, म्हणजे तुंबलेलं पाणी वळवून नेणारी कायमची नळी, टाकणं हे निर्णय तिथेच होऊ शकतात. स्कॅन करून परत यायचं, मग रिपोर्ट बघून पुन्हा जायचं, या दोन खेपा बाळाला फार महाग पडतात.

जायचं ठरलंच तर आधी डॉक्टरांना तिकडे फोन करायला सांगा. मशीन चालू आहे का, खाट आहे का, नवजात बाळाचा एमआरआय ते करतात का. काही ठिकाणी एवढ्या लहान बाळासाठी लागणारं, एमआरआयच्या खोलीत चालणारं मॉनिटर नसतं. तिथे साधं ऑक्सिजनचं लोखंडी सिलिंडर आत नेता येत नाही, त्यामुळे ऑक्सिजनवरच्या बाळासाठी आधी सोय बघावी लागते. वाटेत बाळाचं तापमान ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सिअसच्या मध्ये राहायला हवं. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा गाडीत बाळ तापतं, आणि एसी जोरात लावला तर तेच बाळ तासाभरात गार पडतं. दोन्ही वाईट. निघताना रक्तातली साखर तपासलेली असावी, आणि औषधाच्या डोसची वेळ रस्त्यात येत असेल तर तो आधी देता येईल का, हे विचारून घ्यावं.

स्थिर बाळाला एमआरआयसाठी बहुतेक वेळा भूल द्यावी लागत नाही. पोटभर दूध पाजायचं, मऊ कापडात घट्ट गुंडाळायचं, कानांवर आवाज रोखणारी मऊ टोपणं लावायची, आणि बाळ झोपलं की आत ठेवायचं. आवाज मोठा असतो, पण दुखत काहीच नाही. त्याआधी अंगावरचं सगळं धातूचं काढावं लागतं. चांदीचे वाळे, मनगट्या, करदोडा, ताईत, कपड्याची टिचबटणं, सगळं. काळ्या दोऱ्यात मणी ओवलेला असेल तर तोही. आजींना हे घरीच समजावून सांगा, मशीनच्या दारात यावरून वाद झाला की बाळ जागं होतं आणि पाळी निघून जाते.

रिपोर्टमधले काही शब्द लोकांना घाबरवतात, तेवढे सांगते. 'इकोजेनिसिटी' किंवा 'फ्लेअर' म्हणजे पोकळीभोवतीचा भाग नेहमीपेक्षा पांढरट दिसतोय. अनेक मुदतपूर्व बाळांत तो काही दिवसांत मावळतो. आठवड्यानंतरही टिकला तर लक्ष ठेवायचं. 'सिस्टिक पीव्हीएल' म्हणजे तिथे पाण्याच्या पिशव्या झाल्यात. हे गंभीर आहे. पायांकडे जाणाऱ्या तारा पोकळीच्या सगळ्यात जवळून जातात, त्यामुळे अशा बाळांमध्ये पाय ताठ होण्याची शक्यता मोठी असते. या पिशव्या पुढे आकसून जातात आणि सोनोग्राफीत दिसेनाशा होतात, पण इजा गेलेली नसते. एमआरआयमध्ये ती तेव्हाही दिसते. 'व्हेंट्रिक्युलायटिस' म्हणजे पोकळीत पू, म्हणजे औषधाची मुदत वाढणार.

एमआरआय स्वच्छ आला तर मी आईवडिलांना मोकळेपणाने सांगते की हातापायांच्या मोठ्या अपंगत्वाची भीती बरीच कमी झाली. ऐकू येण्याबद्दल तो काही सांगत नाही. शाळेत लक्ष लागेल का, हेही नाही. आणि एमआरआयमध्ये इजा दिसली तर बाळ किती चालेल, किती बोलेल याचं भाकीत मी त्या एका चित्रावरून करत नाही. लवकर व्यायाम सुरू झालेली बाळं पुढे काय काय करू शकतात, हे मी बघितलेलं आहे. चित्र वाईट आलं म्हणून घरी नेऊन ठेवायचा विचार कोणी बोलून दाखवला, तर आधी डॉक्टरांसमोर बसून बोला.

पैशाबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण मनात असणारच. २०११ मध्ये सुरू झालेल्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली सरकारी दवाखान्यात आजारी बाळाचे उपचार, तपासण्या आणि वरच्या दवाखान्यापर्यंतची गाडी मोफत आहे, आणि ही सोय आता एक वर्षापर्यंतच्या बाळांना लागू आहे. रेफर चिठ्ठी सरकारी दवाखान्यातूनच घ्या, १०२ ची गाडी मागा, आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचं काम जिथे चालतं त्या खिडकीवरच्या आरोग्यमित्राला भेटा. रेशन कार्ड आणि आधार सोबत असू द्या.

सुट्टीच्या आगेमागे तीन गोष्टी राहतात. पहिली, डोळ्यांच्या पडद्याची तपासणी. एवढ्या कमी वजनाच्या बाळाची ती जन्मापासून चार आठवड्यांच्या आत सुरू व्हायलाच हवी, म्हणजे बहुधा बाळ दवाखान्यात असतानाच. दुसरी, बेरा नावाची कानांची तपासणी. मेंदूज्वराने ऐकू येणं जाऊ शकतं आणि काही प्रतिजैविकंही कानाला धोका करतात. नुसती ओएई ही साधी चाचणी पास झाली तरी बेरा करून घ्या, कारण कान ठीक आणि पुढची नस बिघडलेली, असंही होतं. तिसरी, जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात, म्हणजे डीईआयसीत, वाढीची नियमित तपासणी.

आणि आशाताईंना घरी येऊ द्या. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना नवजात बाळाचा जंतुसंसर्ग ओळखायला आणि घरीच उपचार करायला शिकवलं, त्यातून बालमृत्यू किती घटले ते १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. आज आशाताई वजनकाटा आणि थर्मामीटर घेऊन घरी येतात, त्यामागे ते काम आहे. या जंतूंचा मेंदूज्वर औषध थांबल्यावर उलटू शकतो. बाळ दूध ओढेनासं झालं, अंग गार पडलं किंवा तापलं, सारखं झोपून राहू लागलं, टाळू फुगली किंवा झटका आला, तर दुसऱ्या दिवसाची वाट बघायची नाही.

पुढच्या आठवड्याची सोनोग्राफी झाली की रिपोर्ट, दुसऱ्या पाण्याचं कल्चर आणि डोक्याच्या घेराचे आकडे इथे टाका. नाव आणि नोंदणी क्रमांक तेवढे झाकून. मी बघून सांगते.